बॉयलरची गुरगुर

गॅसवर चहाचे आधण ठेवले, की थोड्या वेळाने पातेल्यातून 'सूंऽऽ' असा बारीक आवाज येऊ लागतो. पाण्याला अजून उकळी फुटलेली नसते. पृष्ठभाग जवळजवळ स्थिर असतो. आवाज चढत जातो आणि गंमत म्हणजे पाणी खळखळा उकळू लागण्याच्या जरासे आधी तो एकदम खाली बसतो. त्यानंतरचा उकळीचा आवाज निराळा असतो, मऊ आणि ढोबळ. स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला हे इतके सवयीचे असते, की पाठमोरे उभे राहूनही आधण आले की नाही ते नुसत्या कानाने कळते. जुन्या घरांतला तांब्याचा बंबही असाच गात असे. पण पाणी उकळण्याच्या आधी जास्त आवाज का करते आणि उकळू लागल्यावर शांत का होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

आम्हाला तो विचारावा लागला तो एका बिघाडामुळे. आमच्या घरी एस्प्रेसो कॉफीचे एक छोटे यंत्र आहे. तीन वर्षे ते मुकाट्याने काम करीत होते. मग हळूहळू त्याच्या पोटातून घरघर ऐकू येऊ लागली. पुढे तर सुरू केल्यावर पाचएक मिनिटांनी 'ढब्, ढब्' असे ठोके पडू लागले आणि ओट्यावरच्या कपबश्या किणकिणू लागल्या. दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराने कान देऊन ऐकले आणि निदान सांगितले : "वरची झडप फुसफुसते आहे, ती बंद करून टाकू. सेफ्टी व्हॉल्व्ह अर्धा आटा आवळू. एवढ्याने आवाज गेला नाही तर हीटर कमजोर झाला आहे, तो बदलू."

या तीन सूचनांपैकी एक निरुपयोगी होती, एक यंत्र बिघडवणारी होती आणि एक जिवावर बेतू शकणारी होती. कोणती कशी, ते कळण्यासाठी लागणारे सगळे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शाळेच्या पाठ्यपुस्तकातच आहे. म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतो.

यंत्राच्या पोटात

एस्प्रेसो म्हणजे दाबाखाली गरम पाणी कॉफीच्या बारीक भुकटीतून पंचवीस-तीस सेकंदांत ढकलून काढलेला अर्क. या यंत्रांचा जन्म इटलीतला. तुरिन शहरी आंजेलो मोरिओंदो याने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा याने त्यात सुधारणा केल्या. या जुन्या यंत्रांत पाणी ढकलण्याचे काम बॉयलरमधली वाफच करीत असे. त्यामुळे दाब वाढवायचा म्हणजे तापमान वाढवायचे, आणि तापमान वाढले की कॉफी करपट व कडू, अशी अडचण होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, अकिले गाज्जा याची दांड्याची यंत्रे आली. त्यांत हाताने ओढलेल्या दांड्यामुळे दाबली गेलेली स्प्रिंग दट्ट्यावर दाब देई. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या 'ई ६१' या यंत्रात पंप आला आणि दाब व तापमान यांची फारकत पूर्ण झाली.

आमचे यंत्र याच वंशातले आहे. त्यात तांब्याचा दीड लिटरचा बॉयलर असतो. त्यात सुमारे एक लिटर पाणी आणि वर वाफ असते. पाण्यात बुडालेला १४०० वॅटचा हीटर पाणी तापवतो. बॉयलरमधला दाब वातावरणापेक्षा १ बारने जास्त झाला, की दाबावर चालणारी एक कळ हीटर बंद करते. दाब थोडा उतरला की पुन्हा सुरू करते. म्हणजे बॉयलरमध्ये एकूण दाब २ बार, आणि या दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंश सेल्सिअस. ही वाफ दूध फेसाळण्यासाठी वापरतात. कॉफीचे पाणी निराळे. ते टाकीतून पंपाने येते, बॉयलरमधून जाणाऱ्या एका नळीत तापते आणि ९ बारच्या आसपासच्या दाबाने कॉफीतून जाते. बॉयलरमधले पाणी कमी झाले की तोच पंप त्यात थंड पाणी भरतो.

एवढी रचना लक्षात घेतली तर आवाजांची उगमस्थाने मोजकीच उरतात : हीटर, पंप, झडपा आणि तापून प्रसरण पावणारा धातू. आवाज कसा आहे हे शब्दांत सांगणे कठीण. एकाला जी घरघर वाटते ती दुसऱ्याला गुरगुर वाटते. म्हणून आम्ही वेगळा प्रश्न धरला : आवाज केव्हा येतो? वही आणि घड्याळ घेऊन तीन सकाळी यंत्रासमोर बसलो.

फुसफुसणारी झडप

पहिली नोंद सोपी होती. यंत्र सुरू केल्यावर काही मिनिटांनी बॉयलरच्या माथ्यावरची एक छोटी झडप फुसफुसू लागे. मिनिटभर वाफेचे तुषार उडत आणि मग 'टक्' आवाज होऊन ती आपोआप बंद होई. पुढे दिवसभर ती गप्प असे.

हा बिघाड नव्हेच. ते त्या झडपेचे कामच आहे. यंत्र थंड असते तेव्हा बॉयलरमधल्या पाण्यावर हवा असते. ही हवा बाहेर गेली नाही तर काय होईल? डाल्टनचा नियम आठवू या : मिश्रणाचा एकूण दाब म्हणजे घटक वायूंच्या आंशिक दाबांची बेरीज. २७ अंशांना कोंडलेली १ बार दाबाची हवा ९५ अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब ३६८ भागिले ३००, म्हणजे सुमारे १.२३ बार होईल. त्याच तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब ०.८५ बार असतो. बेरीज झाली २.०८ बार. दाबाच्या कळीला हवा आणि वाफ यांतला फरक कळत नाही. २ बार झाले, म्हणजे काम झाले, असे समजून ती ९५ अंशांच्या आतच हीटर बंद करील. काटा बरोबर १ वर आणि बॉयलरमध्ये कामाची वाफ नाही, असा देखावा होईल.

झडपेचे दुसरे काम यंत्र बंद झाल्यावरचे. वाफ थंड होऊन तिचे पाणी झाले की आतला दाब वातावरणापेक्षा खाली जातो. हवा आत घेण्याची सोय नसेल, तर वाफेची नळी ज्या दुधात बुडालेली असेल ते दूधच बॉयलरमध्ये ओढले जाईल. कारागिराने ती झडप बंद केली असती तर फुसफुस गेली असती आणि तिच्याबरोबर यंत्राचा उपयोगही गेला असता. मात्र हीच झडप दिवसभर फुसफुसत राहिली, तर तिच्या रबराच्या चकतीखाली क्षाराचा खडा अडकला असावा, असे समजावे.

पाणी ओरडते कशामुळे?

दुसरी नोंद महत्त्वाची ठरली. घरघर आणि ठोके हे हीटरचा दिवा लागलेला असेल तेव्हाच येत. दिवा विझला की आवाज लगेच थांबे. पंपाने बॉयलरमध्ये थंड पाणी भरले की तो पुन्हा जोराने सुरू होई. आणि बॉयलर पूर्ण तापल्यावर तो बराच कमी होई. हे सगळे वर्णन चहाच्या आधणाशी जुळते.

पाणी तापू लागले की प्रथम भांड्याच्या कडेला जे बारीक बुडबुडे दिसतात, ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे. ते निमूटपणे वर येतात. आवाज त्यांचा नव्हे. पुढे तळाशी, अगदी धातूला लागून असलेले पाणी उत्कलनबिंदूच्या वर जाते. तिथल्या सूक्ष्म खाचांमध्ये वाफेचे बुडबुडे जन्म घेतात. पण वरचे पाणी अजून ७०-८० अंशांनाच असते. बुडबुडा वाढून त्या पाण्यात शिरतो, तशी आतली वाफ थंड होऊन तिचे पाणी बनते. १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते. उलट दिशेने पाहिले तर वाफेचे पाणी होताना तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी घटते. बुडबुड्याच्या जागी जणू पोकळीच उरते आणि भोवतालचे पाणी चारी बाजूंनी तिथे धडकते. पाण्याची ही टाळी म्हणजे तो आवाज. सुप्त उष्णतेची संकल्पना मांडणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकातच किटलीच्या गाण्याचे हे कारण सांगितले होते.

अशी पोकळी किती वेळात मिटते, याचे गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ साली मांडले. जहाजांच्या पंख्यांची पाती पाण्यातल्या पोकळ्यांमुळे कुरतडली जात. तो प्रश्न त्यांच्यापुढे होता. १ मिमी त्रिज्येची रिकामी पोकळी वातावरणाच्या दाबाखाली सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागात मिटते, असे त्या सूत्रावरून निघते. वाफेचा बुडबुडा पूर्ण रिकामा नसतो, म्हणून तो याहून सावकाश मिटतो. तरीही धक्का तीक्ष्ण असतो. असे हजारो धक्के एकामागून एक बसले की 'सूंऽऽ' ऐकू येते.

आता आवाज का बसतो, तेही उघड आहे. सगळे पाणी उत्कलनबिंदूला पोचले की बुडबुड्यांना थंड पाणी भेटतच नाही. ते न मिटता वरपर्यंत येतात आणि पृष्ठभागावर फुटतात. टाळी थांबते, खळखळ उरते. बॉयलरमध्ये उत्कलनबिंदू १०० ऐवजी १२० अंश, एवढाच फरक.

म्हणजे थोडी गुरगुर ही प्रत्येक बॉयलरची जन्मजात सवय आहे. प्रश्न असा, की तीन वर्षे कानावर न येणारी गुरगुर एवढी वाढली का?

बॉयलरमधले मिठागर

आमच्या सोसायटीला वर्षाचा बराच काळ बोअरचे पाणी येते. दुष्फेन पाणी, साबणाला फेस न येणारे. आम्ही तपासले तेव्हा त्याची कठीणता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरला २५० मिलिग्रॅम भरली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरे पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे आमचे पाणी पिण्यास योग्यच होते. बॉयलरची गोष्ट मात्र निराळी.

अशा पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. तापवल्यावर त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. साखर-मिठाची विद्राव्यता तापमानाबरोबर वाढते, कार्बोनेटची घटते. त्यामुळे जो पृष्ठभाग सर्वांत गरम, त्यावरच थर अधिक बसतो. आणि बॉयलरमधला सर्वांत गरम पृष्ठभाग म्हणजे हीटर.

त्यात बॉयलरमधून वाफ बाहेर जाते ती क्षार मागे ठेवूनच. त्याच्या जागी येणारे पाणी नवे क्षार घेऊन येते. मिठागरात हेच घडते : पाणी उडून जाते, मीठ साठत राहते. हिशेब करून पाहू. रोज पाव लिटर पाणी वाफेच्या आणि गरम पाण्याच्या रूपाने बॉयलरमधून गेले, तर वर्षाला ९० लिटर पाणी आत येते. त्याबरोबर सुमारे २२ ग्रॅम कार्बोनेट येते. तीन वर्षांत ६६ ग्रॅम. त्यातले निम्मे जरी हीटरवर बसले तरी ३३ ग्रॅम होतात. थर थोडा सच्छिद्र असतो हे धरून त्याची घनता २.२ घेतली, तर आकारमान १५ घन सेंटिमीटर येते. ८ मिमी जाडीच्या आणि ६० सेंमी लांबीच्या हीटरचे पृष्ठफळ १५० चौरस सेंटिमीटर असते. भागाकार केला की थराची जाडी मिळते : १ मिमी.

एका मिलिमीटरने काय बिघडते? १४०० वॅट १५० चौरस सेंटिमीटरमधून बाहेर पडतात, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे ९ वॅट. चौरस मीटरच्या भाषेत ९३,००० वॅट. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास आहे. सच्छिद्र क्षाराची त्याच एककांत साधारण १ धरू. एवढा उष्णताप्रवाह १ मिमी थरातून जाण्यासाठी थराच्या दोन बाजूंमध्ये ९३ अंशांचा फरक पडावा लागतो. स्वच्छ हीटरचा पृष्ठभाग पाण्यापेक्षा थोडेच अंश जास्त गरम असतो. थराखालचा धातू मात्र २०० अंशांच्या पार जातो.

हा थर एकसंध नसतो. त्यात भेगा, पापुद्रे आणि पोकळ्या असतात. भेगांतून पाणी आत झिरपते, तापलेल्या धातूला भिडते आणि तिथे कोंडून त्याची एकदम वाफ होते. ही वाफ भेगेतून मोठ्या ढेकरेसारखी बाहेर पडते आणि वरच्या, अजून न तापलेल्या पाण्यात मिटते. हजारो बारीक टाळ्यांच्या जागी थोडे, पण मोठे ठोके बसू लागतात. सूंऽऽ ची ढबढब होते. सुटलेल्या खपल्या तळाशी पडून त्यांच्याखालीही वाफ साठते, आणि ती निसटताना खपली उचलून आपटते.

हा सगळा तर्क झाला. बॉयलर उघडून पाहणे सोपे नव्हते. म्हणून आम्ही गरम पाण्याच्या तोटीतून काचेच्या पेल्यात पाणी काढले आणि निवू दिले. तळाशी पांढरे कण बसले. त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकताच बारीक बुडबुडे येऊ लागले. कार्बोनेटची ओळख पटली.

हीटर कमजोर होता का?

आता कारागिराची तिसरी सूचना. यंत्र नवे असताना काटा १ बारवर यायला लागणारा वेळ आम्ही वहीत लिहून ठेवला होता : ९ मिनिटे. ढबढब जोरात असतानाही वेळ भरला ९ मिनिटे आणि काही सेकंद. म्हणजे हीटर पूर्वीइतकीच उष्णता देत होता.

येथे एक नेहमीचा गैरसमज दूर करता येतो. 'क्षारांच्या थरामुळे वीज जास्त लागते' असे आपण सर्रास म्हणतो. गॅसवरच्या भांड्याच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, कारण थराने अडवलेली उष्णता ज्योतीच्या गरम हवेबरोबर बाहेर निसटू शकते. पण हीटर पाण्यात बुडालेला असेल तर उष्णतेला दुसरी वाटच नाही. विजेतून आलेले १४०० जूल दर सेकंदाला पाण्यातच जाणार. थर फक्त एवढेच करतो, की तेवढी उष्णता बाहेर ढकलण्यासाठी हीटरला स्वतः खूप जास्त तापावे लागते. नुकसान बिलात दिसत नाही. ते हीटरच्या आयुष्यात दिसते. थर तसाच ठेवून नवा हीटर बसवला असता तर पहिले काही महिने शांततेत गेले असते आणि मग हीच कहाणी पुन्हा सुरू झाली असती.

उपाय साधा होता. सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, लिटरला ३० ग्रॅम घेऊन त्याचे द्रावण बॉयलरमध्ये भरले. कोमट करून अर्धा तास ठेवले आणि काढून टाकले. समीकरणाप्रमाणे १०० ग्रॅम कार्बोनेटला १२८ ग्रॅम आम्ल लागते. पण तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसे विरघळत नाही. ते विरघळलेले राहण्यासाठी जास्तीचे आम्ल हवे. म्हणून एकदाच तीव्र द्रावण न वापरता पातळ द्रावणाच्या चार खेपा केल्या. पहिल्या खेपेचे पाणी दुधट निघाले, चौथ्या खेपेचे जवळजवळ स्वच्छ. नंतर साध्या पाण्याने पाच वेळा धुतले. दुसऱ्या सकाळी ठोके नव्हते. नव्या यंत्राची जुनी, बारीक गुरगुर तेवढी परत आली. आता टाकीत आम्ही मऊ केलेले पाणी भरतो.

दोन सावधगिरीच्या सूचना. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आम्ल धातूलाच खाते; अशा यंत्राला ही रीत वापरू नये. आणि काही उत्पादक हे काम घरी करू नका असे सांगतात. यंत्राची पुस्तिका आधी वाचावी.

झडप आवळली असती तर?

राहिली दुसरी सूचना, सेफ्टी व्हॉल्व्ह आवळण्याची. ती सर्वांत साधी वाटते आणि सर्वांत धोक्याची आहे.

बॉयलरमध्ये १ लिटर पाणी १२० अंशांना आहे. काही कारणाने बॉयलर फुटला आणि दाब एकदम वातावरणाइतका झाला, तर हे पाणी १२० अंशांना द्रवरूपात राहू शकत नाही. ते १०० अंशांवर येते आणि वरच्या २० अंशांची उष्णता, सुमारे ८४ किलोजूल, बाष्पीभवनात खर्ची पडते. १ ग्रॅमला २२५७ जूल लागतात, तेव्हा सुमारे ३७ ग्रॅम पाण्याची वाफ होते. तिचे आकारमान ६० लिटरांहून जास्त. दीड लिटरच्या डब्यातून निमिषार्धात ६० लिटर वाफ, सोबत उकळते पाणी आणि धातूचे तुकडे!

नेहमी हे घडत नाही, कारण दाबाची कळ हीटर बंद करते. पण ही कळ विजेच्या संपर्कबिंदूंवर चालते आणि संपर्कबिंदू कधी तरी चिकटून बसतात. मग हीटर चालूच राहतो. तापमान १५० अंशांना पोचले की आतला एकूण दाब पावणेपाच बारच्या आसपास होतो. १८० अंशांना तो १० बार. तापमान दीडपट, दाब पाचपट. त्या वाटेवर यंत्राला अडवणारी शेवटची राखणदार म्हणजे ही झडप. ती साधारण २ बारच्या आसपास उघडावी अशी जुळवलेली असते. ती कधीच उघडत नाही म्हणून ती निकामी आहे, किंवा ती कुरकुरते म्हणून तिला आवळावे, हे दोन्ही विचार सारखेच चुकीचे. प्रेशर कुकरच्या सुरक्षा-झडपेच्या जागी मिळेल ते बूच ठोकून काम चालवणारी माणसे आपण पाहिली आहेत. हीच ती चूक.

त्या कारागिराला आम्ही दोष देत नाही. त्याने आवाज ऐकला आणि आवाज बंद करण्याचा मार्ग शोधला. आपणही बरेचदा तेच करतो. पण आवाज ही बातमी आहे. बातमी देणाऱ्याचे तोंड बंद केल्याने घटना टळत नाही.

बाकीचे आवाज

हीटरशी संबंध नसलेले आवाजही 'केव्हा' या प्रश्नाने सुटतात. कॉफी काढतानाच येणारी गुणगुण पंपाची. घरगुती यंत्रांत बहुधा विद्युतचुंबकाने मागेपुढे होणारा दट्ट्या असतो. त्याच्या जोडणीत डायोड असल्याने विजेच्या प्रत्येक आवर्तनात तो एकदाच हलतो, म्हणजे आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा. अमेरिकेत विजेची वारंवारिता ६० आहे. आपल्या पंपाचा स्वर षड्ज मानला तर तिथल्या पंपाचा स्वर ६ : ५ या प्रमाणात वर, म्हणजे कोमल गंधार लागेल! टाकी रिकामी झाली की दट्ट्याला पाण्याचा विरोध उरत नाही आणि तो खडखडू लागतो. पंप बिघडला असे न समजता पाणी भरावे. यंत्र तापताना व निवताना येणारी अधूनमधूनची टिकटिक धातूच्या प्रसरण-आकुंचनाची. एका लयीत होणारी टकटक दाबाच्या कळीची. ती मिनिटामिनिटाला होऊ लागली तर वाफ कुठे गळते आहे का, ते पाहावे.

वर्गात करून पाहा

यासाठी कॉफीचे यंत्र मुळीच लागत नाही.

१. काचेच्या चंचुपात्रात पाणी तापवा. तापमापी उभी धरा. एका विद्यार्थ्याने दर मिनिटाला तापमान सांगावे, दुसऱ्याने डोळे मिटून फक्त आवाजाचे वर्णन करावे, तिसऱ्याने बुडबुडे कुठे जन्मतात आणि कुठे नाहीसे होतात ते लिहावे. तिन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडा. आवाज कोणत्या तापमानाला सर्वांत मोठा होता?

२. पाणी उकळत असताना त्यात पेलाभर थंड पाणी ओता. गेलेला आवाज परत येतो का? बॉयलरमध्ये पंपाने पाणी भरले तेव्हा घडले ते हेच.

३. आवाज नीट ऐकू येत नसेल तर लाकडी पट्टीचे एक टोक टेबलाला आणि दुसरे कानामागच्या हाडाला लावा. पट्टी भांड्याला किंवा ज्योतीजवळ लावू नका.

४. गावातल्या वेगवेगळ्या विहिरींचे व बोअरचे पाणी समान मापाने आटवून मागे उरलेला थर पाहा. त्यावर व्हिनेगर टाका. कोणाच्या घरचा गीझर आधी कुरकुरेल, याचा अंदाज मुलांना बांधू द्या.

कोणताही बॉयलर किंवा कुकर दाबाखाली असताना उघडू नये, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे.

आणि एक प्रश्न विचार करण्यासाठी : महाबळेश्वरला, सुमारे १३०० मीटर उंचीवर, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. तिथे हेच यंत्र नेले आणि काटा १ वर आला, तर बॉयलरमधले तापमान पुण्याइतकेच असेल, की कमी? उत्तर काढताना काटा काय दाखवतो, बॉयलरमधला एकूण दाब की बाहेरच्या हवेशी असलेला फरक, हे आधी ठरवावे लागेल.